दोन जादा पाटे

आडगाव नाक्यावरच्या टपरीवर धोंडीराम बोलायला लागला की बाकीचे ड्रायव्हर चहाच्या बशीत तोंड घालत. ऐकण्यासारखं काही नसे, पण थांबवणार कोण? विषय एकच, त्याची गाडी. ब्याण्णव साली तो दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सत्त्याण्णवात स्वतःचा सहाचाकी घेतला आणि त्या दिवसापासून जगातले बाकी सगळे त्याला पायी चालताना दिसू लागले. गाडीचं पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजन, नऊ टनाचं. धोंडीराम सोळा भरायचा.

"नऊ टन?" तो म्हणायचा. "नऊ टन तर माझी बायको माहेराहून आणती."

हसायचाही तोच.

माल जास्त झाला की मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सपाट होतात, गाडी बसते आणि रस्त्यावरचा आरटीओ साहेब लांबूनच ओळखतो. म्हणून धोंडीरामने गोटीराम पाटेवाल्याकडून मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे चढवून घेतले. मग सोळा टनातही गाडी ताठ. नाक्यावरच्या निम्म्या गाड्यांनी हेच केलं होतं, पण धोंडीराम असा सांगायचा की जणू लोखंडाचा शोध त्यानेच लावला. रिकामी गाडी चालली की तिचं मागचं अंग कोंबड्याच्या शेपटासारखं वर यायचं. त्यालाही तो रुबाब म्हणे. पासिंगइतकाच माल भरणाऱ्यांना तो 'पोस्टमन' म्हणायचा. स्वतः मात्र कसारा घाटात ब्रेक तापवून एकदा डोंगराला घासून आला होता. त्यात दोष अर्थात डोंगराचा.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर कोर्टाचा आदेश आला. जादा माल सापडला तर जागेवर उतरवायचा. गाड्या वजनकाट्यावर चढू लागल्या. नाक्यावरचे एकेक जण जाऊन पाटे काढून आले. गोटीरामने धोंडीरामलाही हटकलं.

"शेठ, आणा गाडी. पाटे उतरवून देतो."

"कशाला?"

"नऊ टनात ते दबणारच नाय. दबला तर पाटा, नाय तर ओंडका. खड्डा चाकाला बसला की डायरेक मालाला."

"गोट्या, तू पाना फिरव, अक्कल नको चालवू. असले आदेश म्हणजे लग्नातला बँड. वरात गेली की गप्प. उन्हाळ्यात परत सोळा भरतो का नाय बघ."

"भरा की. तोवर माझ्या दुकानापुढं उभी करू नका. लोक विचारत्यात, हिला मूळव्याध झालीय का?"

फेब्रुवारीत केरूची बाग तोडायला आली. केरू म्हणजे धोंडीरामच्या बायकोचा, मंगलाबाईचा, धाकटा भाऊ. दिंडोरीकडे त्याने द्राक्षं लावली होती, आणि हा बागेचा पहिलाच माल. वाशीच्या एका व्यापाऱ्याने शब्द दिला होता, पहिली गाडी चांगली उतरली तर उरलेली सगळी बाग मी घेतो.

"अवो, पाटे काढून घ्या ना," मंगलाबाई म्हणाली. "नाय तर त्याला दुसरी गाडी बघू द्या. पोराचा पयला माल हाय."

"दाजीची गाडी दारात असताना दुसरी? लोक शेण घालतील तोंडात. आणि तुला गं काय कळतं पाट्यांतलं?"

द्राक्षांची खोकी गाडीत चढली आणि केरू केबिनमध्ये बसला. इतका हलका माल नेण्याची धोंडीरामला लाज वाटत होती. ती झाकायला त्याने गाडी पळवली. प्रत्येक खड्ड्याला केरूचं डोकं टपाला लागत होतं.

"दाजी, जरा हळू. द्राक्षं हायेत."

"अरे, सोळा टन वाहणारी गाडी ही! तुझे घोस तिला जाणवायचेसुद्धा नाय."

घाटाअलीकडे साहेबाने अडवलं. मागे जाऊन पाटे पाहिले, मग गाडी काट्यावर घेतली. वजन बरोबर भरलं. "आत काय आहे?"

"द्राक्षं, साहेब."

"या पाट्यांवर द्राक्षं?" साहेब हसला. "सोड रे याला. याला दंड पुढं आहे."

धोंडीरामला वाटलं, आपण जिंकलो.

वाशीत खोक्यांचे तळ ओले होते. व्यापाऱ्याने एक घोस देठाला धरून उचलला. देठ हातात आला, मणी खोक्यातच राहिले.

"देठ चांगला आहे," व्यापारी म्हणाला. दुसरं खोकं उघडलं, तिसऱ्याला हात लावला नाही.

"आणि बागेतला बाकीचा माल?" केरूने विचारलं.

"तो तू बघ."

"खोकीच पातळ आणलीस तू," धोंडीराम म्हणाला. "आणि रस्ता तरी कुठं धड हाय?"

परतीच्या वाटेवर केरू एक शब्द बोलला नाही. त्याचा अर्थ धोंडीरामने असा घेतला, की मेहुण्याला पटलं. म्हणूनच दोन दिवसांनी तो काहीच घडलं नसल्यासारखा गाडी घेऊन बागेत हजर झाला. बांधापाशी शेजाऱ्याचा लहान टेम्पो भरत होता. व्यापारी गेला तो गेलाच. निघेल तो माल केरू आता नाशिकच्या बाजारात नेणार होता.

"केरू, ही काय भानगड? माझी गाडी काय मेली?"

"नाय दाजी. गाडी लय मजबूत हाय तुमची."

"मग?"

"खडी भरा."

घोस तोडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. धोंडीरामने गाडी वळवली. रिकामी गाडी, शेपूट वर करून, बांधाबांधाने आदळत गेली.

तो उन्हाळा सरला तरी धोंडीरामला सोळा टन भरू देणारं कोणी भेटलं नाही. गाडी खडीच्या क्रशरवर लागली, नऊ टनावर. खडी बरी. प्रवास कसा झाला ते ती सांगत नाही. टपरीवर तो अजून बसतो, आणि पाटे अजून गाडीलाच आहेत. मेहुण्याच्या द्राक्षांतच दम नव्हता, असं तो नव्या ड्रायव्हरांना सांगतो. ते बशीत तोंड घालतात.