केतकीला मी सांगितलेलं नाव

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. मुळात मी बोलतेच कमी. चौथीनंतर शाळा सुटली, चारचौघांत तोंड उघडायची भीती तेव्हापासूनची. पण हे न सांगण्याचं कारण ती भीती नाही. मग काय? लिहिता लिहिता कळेल म्हणून मुलीची जुनी वही घेऊन बसले आहे. तुम्ही समोर बसून ऐकताय असं धरते.

कोलशेतला पोहण्याच्या एका तलावावर मी कामाला आहे. काठ पुसायचा, कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या. रविवारी तिथे स्कूबा शिकवतात. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर नाकासकट झाकणारा मास्क, तोंडात हवेची नळी. आधी तलावात शिकायचं, मग मालवणला समुद्रात उतरायचं, मग पाण्याखाली जायचा परवाना म्हणून कार्ड मिळतं. सगळं झालं की त्यांचं सामान धुऊन वाळत घालायचं कामही माझंच.

शिकवणारे दोघं. शर्मिला मॅडम आणि निखिल सर. दोघांच्या संस्था वेगळ्या, कार्डं वेगळी — पण दोन्ही कार्डं सगळीकडे चालतात, एवढं मला ऐकून ऐकून कळलं होतं. फरक कार्डात नव्हता. तो काठावरून दिसायचा.

मॅडम मुलांना पाण्याखाली मास्क पूर्ण काढायला लावायच्या. तसंच बसून श्वास घ्यायचा, मग मास्क घालायचा, नाकाने फुंकून आतलं पाणी बाहेर काढायचं. कुणी ठसकत वर आलं की मॅडम म्हणायच्या, "परत." तीन तीन रविवार एकाच माणसाला "परत". त्यांच्या कागदावर बरोबरची खूण लवकर व्हायचीच नाही. निखिल सरांकडे मास्कमध्ये थोडंसं पाणी घेतलं की झालं. "चल रे, समुद्रात आपोआप येतं," म्हणत सर खूण करायचे. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण खूण कळते. आणि पाण्याखाली कोण काय करतं हे तर वरून स्वच्छ दिसतं.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच लिहून टाकते.

आता मॅडमचं. त्या हवेच्या नळीच्या वरच्या टोकाला, जिथे ती टाकीला जोडतात, तिथे एक काळं बूच असतं. ते घट्ट बसवूनच धुवायचं, नाहीतर पाणी आत शिरतं आणि यंत्र बिघडतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी बूच काढून, नळी आतून पण स्वच्छ व्हावी म्हणून, नळाखाली धरून धुतली. चार नळ्या. मॅडमनी पाहिलं. सगळा वर्ग ओला उभा होता. म्हणाल्या, "मावशी, हे तुम्ही धुतलंत? समजत नसेल तर विचारत जा. याच्यावर माणसाचा श्वास असतो." एवढंच. ओरडल्या नाहीत. वर्गातलं कुणीतरी हसलं. नंतर मॅडम माझ्याजवळ खाली बसल्या, बूच कसं लावायचं ते माझा हात धरून दाखवलं.

तुम्ही म्हणाल, यात राग येण्यासारखं काय? काहीच नाही. पण ते "समजत नसेल तर" माझ्यात जाऊन बसलं. भांडी घासताना आठवायचं. कितीतरी महिने.

मग केतकी आली. डोंबिवलीची, शेवटच्या वर्षाला शिकणारी. समुद्राखालच्या प्रवाळाचा अभ्यास करायला तिची निवड होत होती, पण आधी हे कार्ड लागणार होतं. दोन रविवार ती नुसती बघायला आली. मोबाईलवर दोन्ही संस्थांची माहिती वाचत पायऱ्यांवर बसायची. तिसऱ्या रविवारी माझ्याजवळ आली.

"मावशी, मी सगळं वाचलं. सगळे म्हणतात संस्था कुठलीही घे, शिकवणारा नीट बघ. आता मी कशी बघणार? तुम्ही तर रोज इथे असता. खरं सांगा ना, कोण चांगलं?"

मला असं कधी कुणी विचारलं होतं? माझ्या घरात भाजी कुठली आणायची तेही मला कुणी विचारत नाही. मी फडकं पिळलं. उत्तर तयार होतं — आणि ते मी दिलं नाही. म्हटलं, "निखिल सर. समजावून सांगतात. मॅडम उगाच लोकांचा अपमान करतात."

"बघा, मला वाटलंच होतं. मॅडम जाम खडूस दिसतात!" म्हणून ती हसली. मीही हसले. मी कमी बोलते ना, म्हणून बोलले की लोकांना खरंच वाटतं.

ती निखिल सरांकडेच शिकली. मालवणला तिसऱ्या बुडीत तिचा मास्क कुणाचा तरी पाय लागून निघाला. पूर्ण. नाकात पाणी गेलं, ती घाबरली आणि धडपडत एकदम वर आली. जीव वाचला. पण एकदम वर आल्यामुळे डाव्या कानात आत काहीतरी फाटलं. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा पाण्याखाली जायचं नाही. निवड गेली. हे मला निखिल सरांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. मी तेव्हा नळ्या धूत होते. धूतच राहिले.

गेल्या महिन्यात ती आली, मामेभावाला घेऊन. त्याला शिकायचंय. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "मावशी, इकडून बोला, त्या कानाने नाही येत ऐकू." मी दुसऱ्या बाजूला गेले. तिने परत तेच विचारलं, याला कुणाकडे टाकू? मी म्हटलं, शर्मिला मॅडमकडे. मास्क पूर्ण काढायला लावतात, तेही सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसून म्हणाली, "काय मावशी, मला नाही सांगितलंत ते!"

तिथे सांगता आलं असतं. ती तेवढ्यासाठीच थांबली होती का? माहीत नाही. मी म्हटलं, "तेव्हा मला कुठे कळत होतं गं. चौथी शिकलेली बाई मी."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "अहो, तुमचा काय दोष."

तो हात मी ठेवू दिला.