लहान पात्याला मोठी मूठ

आत्याच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघून महिना झाला होता, तरी तिची बोटं पुरती मिटत नव्हती. त्यातच कळंबला तिचा फ्लॉवर काढणीला आला. मी शनिवार-रविवार बारामतीहून एसटीनं जायचे, क्रेट उचलायचे. माझ्या शाळेत शिकलेल्या पुस्तकी मराठीला तिकडे सगळे हसतात, म्हणून बोलायचे कमी आणि बघायचे जास्त.

आत्या फ्लॉवर कापते ती वीतभर सुरीनं. पातं पातळ, टोकाशी जरा वाकलेलं. पानांच्या आत हात घालायचा, देठाला सुरीची एकच ओढ द्यायची आणि गड्ड्याभोवती चार पानं राखायची, म्हणजे तो वाटेत घासून काळा पडत नाही. पण त्या सुरीची मूठ माझ्या अंगठ्याएवढीच जाड. ती आत्याच्या हातातून निसटायची. तिसऱ्यांदा पडली तेव्हा आत्यानं ती उचललीच नाही.

"पुढल्या बारीला मका टाकू," ती म्हणाली. "त्याला एवढा हात लागत न्हाय."

बाकीच्या शेतात काय लावायचं ते मामा, म्हणजे आत्याचे यजमान, ठरवतात. फ्लॉवर तेवढा तिचा. त्यामुळे तिचं बोलणं मला फार लागलं.

मी ऑनलाइन एक मोठा सुरा मागवला. जाडजूड लांब पातं, रबराची भरदार मूठ, बोटं धारेवर घसरू नयेत म्हणून मध्ये आडवी पट्टी. आत्यानं तो घट्ट धरला, पण पानांत घातला आणि पट्टी अडकली. ओढून काढताना लांब टोक शेजारच्या गड्ड्यात घुसलं.

"ह्यानं ऊस तोड, बाई," आत्या म्हणाली. "इंग्रजीत वाचून आणलास व्हय?"

मामा आणि कामाला आलेल्या दोन बायका पुढच्या सरीत कापत होते. तेही हसले. मी मात्र आत्याची बोटं बघत होते. जाड मुठीवर ती घट्ट बसली होती, सुरा एकदाही निसटला नव्हता.

निघताना तिच्या पकडीचं माप घ्यायला मी तिला कणकेचा गोळा मुठीत दाबायला लावला आणि तो डब्यात घालून बारामतीला आणला. दुसऱ्या दिवशी लोहाराच्या दुकानात डबा उघडला, तर उन्हानं कणीक पसरून सपाट झाली होती.

"ताई, जेवण घरी करायचं," लोहार म्हणाला. "ह्यात हात कुठं हाय?"

एरवी मी तिथूनच परत फिरले असते. पण समोर कोयते टांगलेले होते. एकाची मूठ धरून मी बोटं मिटली. "अंगठा इथपर्यंत येतो. करंगळी एवढी उघडी राहते. पातं मात्र फ्लॉवरच्या सुरीचंच हवं."

त्यानं माझ्या हाताकडे नीट पाहिलं. "कोयत्याला घाव सोसायचा असतो, म्हणून मुठीत जाणारी शेपटी लांब. सुरीला आखूड चालती. पण एवढ्या जाड लाकडात ती हलंल. लांबच ठिवतो."

त्यानं बाभळीची मूठ केली. गोल नाही, जरा चपटी, म्हणजे हातात फिरू नये. मागे बोंड ठेवलं, म्हणजे ओढताना निसटू नये. आडवं काहीच नाही.

शनिवारी आत्यानं नवी सुरी हातात तोलली. "मागं जड झाली गं." पहिल्या गड्ड्याची पानं सगळीच उतरली. दुसऱ्याला दोन राहिली. तिसरा नीट निघाला. करंगळी अजून उघडीच होती. सरीच्या मध्यापर्यंत गेल्यावर ती बांधावर बसली आणि मनगट चोळत राहिली. मला वाटलं, दुखतंय, आता नको म्हणेल.

"रोपवाटिकेत फोन लाव," ती म्हणाली. "फ्लॉवरची रोपं सांगून ठिव. मागनं मिळत न्हाईत."

"मी बोलू?"

"मग काय मी? माझा हात दुखतोय."

"किती सांगू?"

तिनं उरलेल्या सऱ्यांवरून नजर फिरवली. "औंदाएवढीच सांग. न्हाय, थोडी जास्त."

मी घसा साफ केला आणि नंबर लावला.