याडी गेली, आणि मी मुकुटबनलाच राहिलो

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मुकुटबनला बाजाराचा दिवस होता, आणि माझा धाकटा भाऊ हरसिंग अचानक माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. तांडा सुटल्यापासून घरचं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो…

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत म्हणाला, "याडी गेली. पोळ्याच्या आधीच गेली."

याडी म्हणजे आमची आई. पोळा होऊन आता दिवाळी जवळ आली होती.

मागचं थोडं सांगतो, म्हणजे कळेल. आमचा तांडा महागावकडचा. ऐन तारुण्यात माझा पाय बैलगाडीखाली आला, आणि मिशनच्या दवाखान्यात मला बरेच महिने पडून राहावं लागलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा कोलाम आदिवासी होता, त्याच्या अंगाला जखमांचा वास यायचा. तिथले पाळक, म्हणजे पाद्री, रोज सकाळी येऊन त्याचं अंग पुसायचे, त्याला पेज भरवायचे.

मी एकदा विचारलं, "हे तुमचे कोण लागतात?"

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि पुसत राहिले.

ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. म्हातारा गेला, तरी मी त्या पाळकांना विचारतच राहिलो… हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्यांनी शुभवर्तमान हातात दिलं. अक्षरं जुळवत जुळवत मी ते वाचलं. पाय बरा झाल्यावर पैनगंगेत माझा बाप्तिस्मा झाला.

तांड्यात पंचायत बसली. माझ्याशी कोणी बोलायचं नाही, पाणी द्यायचं नाही, असं ठरलं. बा मान खाली घालून बसला होता. याडी मला वेशीपर्यंत पोचवायलासुद्धा आली नाही… तिला येऊ दिलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे बायबलशाळा झाली आणि मला मुकुटबनला पाठवलं. तिथे ख्रिस्ती घर एकही नव्हतं. दर रविवारी मी खोली झाडायचो, सतरंजी अंथरायचो, दार उघडं ठेवायचो. कोणी यायचं नाही. मग एकटाच गीत म्हणायचो, एकटाच संदेश द्यायचो. "हे प्रभू, आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत," असं म्हणताना 'आम्ही' या शब्दाशी जीभ अडखळायची…

समोर रहीमभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एका रविवारी ते फडक्याला हात पुसत आले आणि दाराशी बसले.

"पाद्रीसाहेब, मी नमाजी मानूस. मले तुमचं काही घ्याचं नाही," ते म्हणाले. "पन एकटा मानूस भिताडाशी बोलून राह्यला, हे मले दुकानातून पाहवत नाही. तुम्ही बोला, मी बसतो."

तेव्हापासून ते दर रविवारी येऊन बसायचे. मुकुटबनात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस.

तर… हरसिंग दारात उभा होता. मी विचारलं, "मला का नाही कळवलं?" तो म्हणाला, पंचायतीनं नको म्हटलं. मग हळूच म्हणाला, "आता तरी चल. हे सगळं सोड. बा घरात घेतो म्हणाला."

खरं सांगतो, मी लगेच ट्रंक ओढली. कपडे भरायला लागलो. ज्या गावात माझ्या बोलीत बोलायला कोणी नाही, तिथे मी कोणासाठी थांबलो होतो?

रहीमभाईंनी दुकानातून हे पाहिलं. बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक उभं, तरी त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि आले. काय झालं ते मी सांगितलं.

"जाचं असन तं जा, मी अडवत नाही," ते म्हणाले. "पन पहिले मायसाठी रडून घ्या. त्याच्याबिगर मानसानं काही ठरवू नाही."

मी ट्रंकेशेजारीच बसलो आणि रडलो. हरसिंग पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला, माझ्या बाजूला टेकला. कसं कोण जाणे, पण रडता रडता मी गोर बोलीत प्रार्थना करायला लागलो. तोपर्यंत देवाशी मी फक्त पुस्तकी मराठीत बोललो होतो. याडीचं नाव घेतलं, तांड्याचं घेतलं… आणि बोलताना कळलं की बाकी सगळं सोडता येईल, प्रभूशी हे बोलणं मला सोडता येणार नाही. तांड्यात परत जायचं तर नेमकं तेच सोडून जायचं होतं.

दुपारच्या गाडीला मी हरसिंगला एकट्यालाच बसवून दिलं. तो म्हणाला, "बाला काय सांगू?"

"सांग, बरा आहे."

बरा नव्हतो. खोलीवर आलो तर रहीमभाईंनी घरून भाकरी आणि वरण आणून ठेवलं होतं. मी चार घास खाईपर्यंत ते बसून राहिले.

त्यानंतर रविवारची प्रार्थना मी गोर बोलीतच करायला लागलो, तरी कितीतरी रविवार रिकामेच गेले. मग कापसाच्या जिनिंगवर कामाला येणारी एक गोरमाटी, म्हणजे आमच्याच समाजातली, विधवा आपली बोली ऐकून दाराशी थांबली. तिच्या मागून अजून दोन घरं आली… मंडळी अशीच हळूहळू जमली. बा मात्र शेवटपर्यंत भेटला नाही.

रहीमभाई जाऊन आता फार वर्षं झाली. त्यांच्या मुलांनी मला मातीला बोलावलं होतं, खांदाही देऊ दिला. सेवेत तुम्हाला कोणी टिकवलं, असं कोणी विचारलं की मी देवाचं नाव घेतो, आणि ते खरंच आहे. पण त्याच दमात रहीमभाईंचंही घेतो… ते घेतल्याशिवाय माझी साक्ष पूर्ण होत नाही.