भाटव्यांनी धुऊन दिलेला फिल्टर

कारखान्यातून निघालेली कोणतीही वस्तू अर्धवटच असते आणि तिचं उरलेलं काम घरी नेणाऱ्यानं करायचं असतं, असं मानणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. तोंडावर अर्थात भाऊजी. समुद्रपूरकडच्या एका गावात त्यांची शेती आहे, ग्रामपंचायतीचा पाण्याचा पंप चालवायची नोकरी आहे, आणि या दोन्हींतून उरलेला सगळा वेळ ते लोकांच्या चांगल्या चाललेल्या वस्तू उघडण्यात घालवायचे. घालवायचेच म्हणायला पाहिजे, कारण आता ते तसं करत नाहीत, आणि त्याचंच हे सगळं सांगणं आहे.

नवी चप्पल आणली की ती पायात घालण्याआधी भाऊजी तिला टायरचा तळ लावून घेत. मग ती इतकी जड होई की ते गल्लीत वळले की कोणाचा तरी बैल सुटला असं वाटे. पण ती झिजत नसे, आणि वस्तू झिजणं म्हणजे बनवणाऱ्याच्या मनातली खोट, हा त्यांचा सिद्धांत होता. एकदा छताचा पंखा उघडून त्यांनी आतून साफ केला. पंखा पूर्वीपेक्षा जोरात फिरायला लागला खरा, पण उलटा. तो अख्खा उन्हाळा त्यांच्या घरात हवा खालून वर जात होती, आणि भाऊजी आलेल्या पाहुण्याला खाटेवर उभं करून ती दाखवत होते. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकांची वेळ झाली तेव्हा नवरदेव जागेवर नव्हता. बाबा घाबरेघुबरे होऊन शोधायला गेले तर जावई मांडवामागे जनरेटरपाशी उकिडवे बसलेले, मुंडावळ्या कानामागे खोचून. म्हणाले, "मामाजी, याले दम लागून राह्यला. याच्या नाकात कचरा अडकला." बाबांनी जनरेटरच्या नाकाकडे पाहिलं, जावयाच्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना दंडाला धरून बोहल्यावर आणलं. बहिणीचं शिक्षण दहावीवर थांबलं ते त्या दिवशी. त्याचा दोष मात्र जनरेटरला देता येत नाही.

एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर तर त्यांचा जुना दावा होता. "फेकाचंच असन तं बनवता कायले?" हे ते दुकानदाराला खरोखर विचारत, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलत नसत. दुधाच्या पिशव्या धुऊन त्यांच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या असायच्या, तान्ह्या बाळाच्या लंगोटांसारख्या ओळीनं. कोरोनाच्या दिवसांत त्यांनी जुन्या धोतराचे पदर एकावर एक शिवून घरच्या सगळ्यांसाठी धुऊन वापरायचे मास्क केले होते. त्यांतून विषाणूची काय बिशाद, श्वासही आत येत नसे. बहीण तो मास्क लावून दुकानात गेली आणि साखर मागता मागता खाली बसली. भाऊजी म्हणाले, "पक्कं काम आहे म्हणूनच तं."

आता मी. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये हमाल होते, आई तिथेच कापसातला कचरा वेचायची. मी एम.ए. झाले, सेट पास झाले, आणि तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे वर्गात उभं असेपर्यंत आम्ही प्राध्यापक. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोणीच नाही. तरी मी गाडी घेतली. लहानशी, पण नवी, आणि माझ्या नावावर. आईनं नारळ फोडला आणि कानाशी येऊन म्हणाली, "भाटव्याले एवढ्यात सांगू नको." ही बातमी समुद्रपूरपर्यंत कशी गेली ते मला माहीत नाही.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं असतं, वाण द्यायचं असतं. भाऊजी आले आणि पाय धुण्याआधी त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं. आत एक काळी डबी असते, तिच्यात गाडीला श्वास घ्यायचा फिल्टर असतो. कंपनीचा असतो तो घड्या घातलेल्या पिवळट कागदाचा. तो त्यांनी दोन बोटांनी उचलून अंगणात सगळ्यांना दाखवला.

"हे पाह्य. कंपनीनं तुले कागद देला. डिग्रीवाली पाहून कागदच देला."

मी म्हटलं, "भाऊजी, माह्यापाशी कागद आहे म्हणूनच ही गाडी आहे."

ते पोट धरून हसले. साळीनं, म्हणजे मेहुणीनं, उलट बोललेलं त्यांना आवडायचं, हे त्यांच्याबद्दल मला मान्यच करायला पाहिजे. मग त्यांनी पिशवीतून खोकं काढलं. खास ऑनलाइन मागवलेला फिल्टर, लाल, सुती जाळीचा, जन्मभर धुऊन वापरायचा. धुतला, सावलीत वाळवला, सोबत आलेलं पातळसं तेल त्यावर शिंपडलं की झालं. त्या तेलात धूळ चिकटते आणि हवा पार होते. "कापसाचा आहे," असं ते इतक्या अभिमानानं म्हणाले जणू तो त्यांच्याच वावरातून निघाला होता. तो बसवल्यावर गाडीचा आवाज बदलला, जरा फुरफुरल्यासारखा झाला. भाऊजी कान लावून उभे राहिले. म्हणाले, "आता पाह्य कशी मोकळी सास घेते." मग जेवायला बसले आणि त्यांनी अनारसे मागून घेतले.

सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजवाल्यानं विचारलं होतं की कंपनीचा परत बसवू का. मी हो म्हणणार होते. आई सोबत होती. ती म्हणाली, जावयानं आपल्या हातानं बसवलेली वस्तू काढत नसतात. आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. त्याचं चुकलं तर घर गप्प बसतं, आणि त्याचं बरोबर आलं तर घर गावभर सांगतं. एम.ए.च्या अभ्यासक्रमात हा नियम नव्हता, पण मी तो त्याआधीच पाठ केला होता.

मग नागपूरच्या एका कॉलेजात जागा निघाली. कायम स्वरूपाची, माझ्या विषयाची, आणि माझं वय पाहता माझ्यासाठी बहुधा शेवटची. मुलाखतीचं बोलावणं आलं. आईनं देवाजवळ साखर ठेवली. बाबांनी, जे माझ्या नोकरीबद्दल कधी बोलत नाहीत, शेजाऱ्याला बोलावून सांगितलं की पोरगी कायम होऊन राह्यली. भाऊजींना कळलं तसे ते पुढच्या आठवड्यात मोटरसायकलवर आले, भर मे महिन्याच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. साळी एवढ्या मोठ्या कामाला चालली, तिची गाडी घाणेरड्या नाकानं कशी जाईल? त्यांनी फिल्टर काढला, रिठ्याच्या पाण्यात धुतला, न्हाणीघराच्या सावलीत वाळवला. किती हळू हातानं धुतला ते मी पाहिलं आहे. मग सोबतची तेलाची बाटली पाहिली तर ती संपलेली. भाऊजी स्वयंपाकघरात गेले आणि जवसाचं तेल घेऊन आले. घाण्यावरचं, चटणीवर घ्यायचं. "याच्यात भेसळ नाई," म्हणाले, आणि हात सैल सोडून ओतलं.

जवसाचं तेल वाळून कडक होतं. आमच्याकडे लाकडी दारांना तेच चोळतात, म्हणजे त्यावर चकचकीत कवच धरतं आणि दार पावसाला दाद देत नाही. हे बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि घराच्या दारांना दर दिवाळीला ते तेल चोळणाऱ्या भाऊजींना तर होतंच. त्या दिवशी अंगणात आम्ही सगळे होतो आणि एकालाही आठवलं नाही. सगळे जावयाचं कौतुक पाहत होतो.

सुट्ट्या होत्या, गाडी उन्हात उभीच होती. मुलाखतीच्या दिवशी मी सकाळी लवकर निघाले. गाव सुटेपर्यंत गाडी बरी चालली. मग ती दमायला लागली. पाय दाबला की पुढे जायच्या ऐवजी हुंदका द्यायची, मागून काळा धूर सोडायची. नागपूरच्या वाटेवर जाम नावाचं गाव आहे, तिथल्या चौकात ती बंद पडली. मी भाऊजींना फोन केला, कारण त्यांचं गाव तिथून जवळ. ते म्हणाले, कोणाले हात लावू देऊ नको, मी निघालोच.

समोर गॅरेज होतं. बाजूला नागपूरच्या बस थांबत होत्या, कंडक्टर दारात लटकून नागपूर-नागपूर ओरडत होते. मी फाईल काखेत घेऊन एका बसच्या पायरीपर्यंत गेलेही. तेवढ्यात आईचा फोन आला. जावई उन्हातान्हात तुझ्यासाठी येऊन राह्यले, तू निघून गेलीस तर त्यांना कसं वाटेल, असं ती म्हणाली. मी पायरीवरून उतरले. ती बस गेली. मग दुसरी गेली. माझा सगळा अभ्यास, माझी सगळी प्रमाणपत्रं काखेत होती, आणि मी जामच्या चौकात जावयाचा मान राखत उभी होते.

भाऊजी आले. त्यांनी प्लग पाहिले, बॅटरीची टोकं घासली, पेट्रोलचं झाकण उघडून वास घेतला. मी म्हटलं, फिल्टर पाहा. ते म्हणाले, तो असूच शकत नाही, तो तर आत्ताच धुतला. पुन्हा प्लग पाहिले. मी म्हटलं, भाऊजी, मला उशीर होतो आहे. ते म्हणाले, झालंच. शेवटी मीच डबीच्या कड्या काढल्या. लाल जाळी तपकिरी झाली होती, नव्या पॉलिशसारखी चमकत होती. मी तिच्यावर बोट मारलं तर टकटक वाजलं. गॅरेजवाला आपणहून रस्ता ओलांडून आला होता. तो फिल्टर हातात घेऊन म्हणाला, "ताई, याच्यातून हवा काऊन जाईन? हे तं दार होऊन राह्यलं."

भाऊजींनी फिल्टर त्याच्या हातून घेतला, नाकाशी नेला. त्यांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. पण लगेच ते म्हणाले की गरम पाणी कुठं मिळते का पाहतो, जरा भिजवला की सुटेल. आणि डबीकडे हात नेला.

मी म्हटलं, "भाऊजी, आता माह्या गाडीले हात नका लावू."

आवाज चढवला नव्हता. वर्गात गोंधळ झाला की मी जसं बोलते तसं बोलले. त्यांनी हात मागे घेतला. दुसराही मागे घेतला. गॅरेजवाला दुसरीकडे पाहू लागला.

फिल्टरशिवायच गाडी पळवली, धूळ खात. पोचले तेव्हा नावं पुकारून झाली होती. तिथले कारकून चांगले होते, त्यांनी मला पाणी दिलं आणि पुढच्या वेळी या म्हणाले. पुढची वेळ कशी येईल हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ती अजून आलेली नाही.

घरी सगळ्यांनी समजूत काढली. अशा जागा आधीच भरलेल्या असतात, म्हणाले. बहीणही फोनवर तेच म्हणाली, आणि ते तिला कोणी शिकवलं ते कळायला पदवी लागत नाही. मला त्या अपयशापेक्षा ही समजूत जास्त लागली. जागा भरलेली होती की नव्हती, हे त्या खुर्चीत बसून, त्यांचे प्रश्न ऐकून, कळून घ्यायचा हक्क माझा होता. भाऊजी स्वतः मात्र माझ्याशी काही बोलले नाहीत. जावयाला नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही, तशी जावयानं चुकलं म्हणायचीही नाही. दोन्हीकडून दार बंद. गाडीत मी कंपनीचा फिल्टर बसवून घेतला. आईनंही अडवलं नाही.

त्यानंतर आमचा नळ ठिबकायला लागला. पूर्वी भाऊजींना तो समुद्रपूरला ऐकू आला असता. दसऱ्याला ते आले, नळाखालच्या बादलीशेजारीच जेवायला बसले, आणि आईनं दोनदा विषय काढला तर म्हणाले, "राहू द्या मामीजी. नवा आणून लावा. कंपनीचं चांगलंच असते." आई माझ्याकडे पाहायला लागली. पुढे बहीण मला म्हणाली की घरी मिक्सर आणला तो खोक्यातून काढला तसाच चालू आहे. मी म्हटलं, बरं झालं की. ती म्हणाली, "काय बरं झालं व? दिवसभर हात मांडीवर ठेवून बसतेत. पाह्यवत नाई."

परवा ते मुक्कामाला होते. सकाळी मी गाडी काढली आणि मुद्दाम बॉनेट उघडून उभी राहिले. म्हटलं, भाऊजी, जरा पाहता का, कसला तरी आवाज येतो. आवाज काही येत नव्हता. ते ओट्यावरून उतरले, गाडीपर्यंत आले, वाकले. हात पाठीमागे एकमेकांत धरलेले. आत कुठंतरी, जणू परक्याच्या घरात डोकावावं तसं, बराच वेळ पाहत राहिले. एकदा बोटं हलली, पण सुटली नाहीत.

"बरी आहे गाडी," म्हणाले. "जाय तू. तुले उशीर होईन."

माझी तासिका दुपारची होती. ते मला त्यांना सांगता आलं नाही. मी बॉनेट लावलं आणि तशीच सकाळी निघाले.