पोत्यामागे एक किलो

म्हसावदहून पुण्याला निघालो तेव्हा मला आणि हिंमतला सोडायला अर्धी गल्ली स्टँडवर आली होती. आई शेवभाकरी बांधून देत रडत होती. वडील खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "पेटीवर हात ठेईसन झोपजो, भाऊ. कोनावर इश्वास ठेवू नको." मी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापेक्षा ते वाक्यच नीट पाठ केलं.

प्रगत प्रोग्रामिंगच्या त्या वर्गात खेड्यातले आम्ही दोघंच. खोलीही एकच. मला सगळ्यांचा संशय यायचा: गोड बोलणाऱ्या मेसवाल्याचा, पेन मागणाऱ्या मुलांचा, पुढे पुढे हिंमतचाही. टर्मिनलवर त्याचा हात माझ्यापेक्षा जलद चालायचा. वहीची पानं हललेली दिसली की मी ओळीन्‌ओळ तपासायचो.

परीक्षेआधी सरांनी बाजार समितीच्या वजनाचा प्रोग्राम करायला दिला. पोत्यांची वजनं घ्यायची आणि बेरीज दाखवायची, एवढंच. आमच्या दोघांचीही बेरीज कमी आली. दोघांनीही दर पोत्यामागे एक किलो वजा केला होता. प्रश्नात तसं कुठेच नव्हतं.

सर म्हणाले, "बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. अशी चूक सारखी येत नाही. कोणी कोणाचं पाहिलं?"

मी म्हणालो, "सर, माझी वही खोलीत उघडीच असते."

हिंमतला परीक्षेला बसू दिलं नाही. मी घरी पत्रात लिहिलं, हिंमतने नक्कल केली. वडिलांनी ते पत्र चौकात वाचून दाखवलं. तेव्हापासून तो गावाचा 'नक्कल्या हिंमत'.

चार वर्षांनी नोकरीतून सुटीवर आलो, तेव्हा आमची मिरची बाजारात तोलली जात होती. कोणी न विचारता वडीलच तोलाऱ्याला म्हणाले, "पोतामांगे किलोभर कडता धर." माझा हात गाडीच्या दांडीवरच राहिला. बारदान आणि माती यांच्या नावाने सोडायचा तो किलो मी आणि हिंमत लहानपणापासून बघत होतो. त्याचे वडील तर तोलारीच होते. आम्हाला तो हिशेबाचाच भाग वाटायचा. कोणी कोणाची वही पाहिली नव्हती.

हे कळूनही मी गप्प राहिलो. माझं खरं पाप ते. पुढे पुण्यात फ्लॅट झाला, मुलं परदेशी गेली, दाराला तीन कुलपं आली. गावी गेलो तरी हिंमतची गल्ली टाळायचो.

आता हिंमतच्या नातीला विद्यापीठाच्या त्याच विभागात प्रवेश मिळालाय. पुतण्याने फोनवर हसत सांगितलं, "चौकमा लोक तिले म्हनतस, आजलासारखी नक्कल नको करजो." त्याच दिवशी मी हिंमतला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "साहेब, कडतानं माले तव्हयच माहीत व्हतं, पन मन्हं कोन आयकतं? तू कव्हय सांगशी, हाईच वाट देखत व्हतू." मी म्हटलं, तुझ्या घरी येतो. "घर नंतर ये. पहिले चौकमा सांग."

म्हणून हा कागद लिहिला. तुम्ही हा वाचाल तेव्हा मी चौकात उभा राहून तो स्वतः वाचलेला असेल. म्हसावदला माझं घर अजून आहे, किल्लीही माझ्याकडेच आहे. पण आता तिथे जायची वाट चौकातूनच आहे.