दादा भ्याला तो दसरा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी चामोर्शीच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होते. "ताई, हे गेले," एवढंच ती बोलली. अशा वेळी कुणाच्याही तोंडून 'कसे गेले' निघतं. माझ्या तोंडून निघालं, "स्फोट झाला का वो?" वहिनी म्हणाली, "नाई वो. चहा ठेवून उठवाले गेली, त उठलेच नाई." मी पिशवी टाकून तिथंच मातीत बसले आणि रडू लागले. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण अंथरुणात, अख्ख्या देहानिशी गेला याचं हायसंही वाटलं. महिना उलटून गेल्यावर आता हे लिहिता येतं आहे.

माझा थोरला भाऊ वासुदेव माजरीला खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. निवृत्त होऊन गावी धानाची शेती बघू लागला. घरात आजोबांची विलायती रायफल होती, एकनळी, करंगळी सहज आत जाईल एवढ्या तोंडाची. तिची काडतुसं आता जगात कुणी बनवत नाही. शहाणा माणूस ती भिंतीला टांगून मोकळा झाला असता. आमच्या दादानं आजोबांच्या वेळच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या शोधून काढल्या, गोळीचा साचा स्वतः घडवला आणि घरीच काडतुसं भरू लागला. "मुकी होऊन मरू नये बिचारी," म्हणायचा. परवाना रायफलीचा होता, हे असलं काही भरण्याचा नव्हता, म्हणून मला पोलिसांचीही भीती. तिकडे एटापल्लीच्या बाजूला घरात अशी वस्तू असणं म्हणजे रानातल्या नक्षल्यांना आणि सरकारला, दोघांनाही आवतण. आपलं गाव त्यापासून लांब आहे असं मी स्वतःला सांगायची, पण धाकधूक जायची नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले की त्याचं हे काम हमखास निघालेलं असे. माजरीच्या टायरवाल्यांकडून ट्रकच्या चाकांचा तोल साधायला लावतात ते शिशाचे तुकडे आणायचा आणि गोठ्यामागं शेगडीवर वितळवायचा. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते तोंडावर उडतं. म्हणून मी घागरीसुद्धा पलीकडच्या दारानं न्यायची. वहिनी सरळ शेजारी जाऊन बसायची. थंड झालेल्या गोळ्यांना तो मेण आणि मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल लावायचा, मग एकेका पुंगळीत बंदुकीची दारू मोजून टाकायचा. मी दारातून ओरडायची, "दादा, तुले भेव नाई वाटत का रे?" तो मान वर न करता म्हणायचा, "भेव वाटते म्हणूनच मोजून राह्यलो न." दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की तळ्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, मातीत एक बार काढायचा. एवढ्यासाठी वर्षभर जीव टांगणीला! माझा, त्याचा नव्हे.

चार-पाच वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याआधी तो असाच दारू भरत बसला होता. तळ्याच्या पाळीवर गवत कापणाऱ्या सरूबाईला वाघानं उचललं, अशी हाकाटी उठली. दादा हातातलं टाकून धावला. सरूबाई गेली. तिचा मुलगा मारोती शून्यात बघत बसलेला मला अजून दिसतो. अंत्यविधी, पंचनामा, वनखात्याचे पिंजरे यात काही दिवस गेले. मग दादानं उरलेल्या पुंगळ्या भरून बंद केल्या आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली. मला म्हणाला, "उठून पयालो तवा हातातल्या पुंगळीत दारू टाकली होती का नव्हती, काई याद येऊन नाई राह्यलं." दोनदा पडली असेल तर बार काढताना रायफलच फुटेल. एवढ्या मोठ्या पुंगळीत ती तळाशीच बसते, वरून बघून कळत नाही.

आणि दसऱ्याच्या आदल्या सकाळी मारोती माणसं घेऊन अंगणात आला. "वासुभाऊ, बंदूक द्या. माही माय गेली. पिंजऱ्याची वाट पाहाले मी मोकळा नाई." वाघ मारला तर जेल, हे सगळ्यांना माहीत होतं. पण आई गेलेल्या माणसाला कायदा काय सांगायचा? दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "नाई देत," तो म्हणाला. आवाज इतका कापरा की मलाच लाज वाटली. कुणीतरी 'भेकड' म्हणालं. मारोती जाताना म्हणाला, "आज नाई देत त उद्या घेऊन जाईन. तुमच्या हातून होत नाई, माह्या हातून होते."

दादानं दार लावलं आणि भरलेली सगळी काडतुसं मोडायला घेतली. हातोडीसारखं काहीतरी साधन होतं, त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटते. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटत होते. रामरक्षा म्हणत होते आणि मधेच विसरत होते. दारू तो एकेका बशीत ओतायचा, मग पाण्याच्या बादलीत. एका बशीत ढीग दुप्पट निघाला… दादानं हातातलं साधन खाली ठेवलं. इतका घाम आलेला माणूस मी पाहिला नाही. "हे मारोतीच्या गालाजवळ फुटलं असतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मंग सांग न त्याले. लोक तुले भेकड म्हणून राह्यले."

"सांगतलं त म्हणेल, दुसरं चांगलं भरून द्या. रागातला माणूस वाघाले जखमी करेल, मंग आखीन किती जाईल? म्हणू दे भेकड."

दुसऱ्या दिवशी मारोती आला, तर द्यायला एकही काडतूस उरलं नव्हतं. पुढं वाघ पिंजऱ्यात सापडला. दादानं दारूला पुन्हा हात लावला नाही, दसऱ्याचा बार बंद झाला. मारोती समोरून आला तरी मान फिरवून जायचा. दादानं ते सगळं निमूटपणे गिळलं, आणि मला शपथ घातली होती म्हणून मीही.

तेरवीनंतर रायफल ठाण्यात जमा करायची होती. मी तिला हात लावेना, वहिनी लावेना. अनपेक्षितपणे मारोतीच गाडी घेऊन आला. "मी येतो न संग, ताई." वहिनीनं पेटी उघडली. त्यानं रायफल उचलली आणि कुणीही उचलेल तशी खांद्याला लावली, लाकडावर गाल टेकवला, एक डोळा मिटला. रिकामी आहे हे ठाऊक असूनही मी किंचाळले, "ठेव ते खाली!"

तो चपापला. "काऊन वो?"

दादा गेला, शपथही गेली. मी त्याला सगळं सांगितलं. बशीतला तो ढीगसुद्धा. मारोतीनं एका हातानं स्वतःचा गाल चाचपला.

"मले काऊन नाई सांगतलं भाऊनं?"

"तू दुसरं मागशील म्हणून."

त्यानं मान खाली घातली. "हो," तो म्हणाला. "मागतलंच असतं."

मग त्यानं दादाच्या जुन्या धोतरात रायफल गुंडाळली आणि नळीचं तोंड आम्हा कुणाकडे वळणार नाही अशी, जमिनीकडे झुकवून, अगदी दादा धरायचा तशी धरून तो अंगणातून हळूहळू बाहेर गेला.