साडेबारा इकडे, साडेबारा तिकडे

दांडिया बाजारातल्या टिपणिसांच्या घरात एकतर्फी निर्णय कधी कुणी घेतला नाही. पणजोबा संस्थानच्या कारभारात, वडील कचेरीत, श्रीकृष्णराव स्वतः वीज खात्यात. निवृत्तीनंतर त्यांना सुतारकामाचा नाद लागला, पण हाडं कारकुनीच राहिली.

यंदा त्यांनी बायकोला, वत्सलाबाईंना, शब्द दिला होता : "गणपती माझ्या हातच्या चौरंगावर बसेल." पाय तयार होते. ते बसवायला फळीत खाचा पाडायच्या, त्यासाठी पटाशीला धार लावायची. आता धारेचा कोन किती ठेवायचा? घोडं इथे पेंड खात होतं.

मोबाइलमधला सुतार म्हणाला, पंचवीस अंश. घडियाळी पोळेतले मित्र धनाजीराव म्हणाले, "तीस! लाकूड सागवान आहे ना?"

"असावं. जुन्या पलंगाचं आहे."

"असावं म्हणजे? बाभूळ निघालं तर पस्तीस!"

वाडीतल्या गुजराती हत्यारवाल्यानं तर "काका, ए तो अंदाजे ज होय" म्हणून प्रकरणच निकालात काढलं. अंदाजे! टिपणिसांच्या घरात वरणात मीठसुद्धा अंदाजे पडत नसे.

मग श्रीकृष्णराव कंपासपेटीतलं कोनमापक घेऊन बसले. सकाळी पंचवीसचा कोन घासायचा, दुपारी धनाजीराव आठवून तीसचा, चहा झाला की परत पंचवीस.

"अहो, पटाशी आखूड होत चाललीय," वत्सलाबाई म्हणाल्या. "चतुर्थीपर्यंत नुसती मूठ उरेल. मी आपली बाजारातून चौरंग आणते."

ते मात्र वर्मी लागलं. हरतालिकेच्या सकाळी त्यांनी पंचवीसवर शिक्कामोर्तब केलं आणि फळीवर पटाशी ठोकली. ती सरळ खाली उतरेचना. कधी अलीकडे कलायची, कधी पलीकडे. कोन मोजला तर बरोब्बर पंचवीस. लाकूड तिरकं? हात तिरका? का सगळं जगच तिरकं?

वत्सलाबाईंनी हत्यारांच्या पिशवीतली दुसरी, कोरी पटाशी काढून शेजारी धरली. "हिची एक बाजू सपाट आहे. तुम्ही दोन्ही बाजूंनी घासलीत?"

"मग? पंचवीस अंश आहेत. साडेबारा इकडे, साडेबारा तिकडे. सगळा भार एकाच बाजूवर कसा टाकायचा?"

"अहो, ती पटाशी आहे! वाटणीचा दावा नाही चाललेला!"

मग मन घट्ट करून श्रीकृष्णरावांनी एक बाजू दगडावर पार सपाट होईपर्यंत घासली आणि दुसरी, धार बोटाला कळेपर्यंत. मध्येच वत्सलाबाईंनी कोनमापक उचलून नेलेलं त्यांच्या लक्षातही आलं नाही. पटाशी लाकडात सरळ उतरली. संध्याकाळपर्यंत चौरंग चारही पायांवर उभा.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले, आरती झाली. धनाजीरावांनी मोदक तोंडात टाकत विचारलं, "शेवटी कितीचा ठेवलास कोन?"

श्रीकृष्णराव गोंधळले. "अगं, कोनमापक कुठंय?"

"कपाटात, कुलपात," वत्सलाबाई म्हणाल्या. "विसर्जन झाल्यावर मिळेल."